रिपोर्ट चांगला, पण ताट रिकामे?

डायलिसिसवरील ज्येष्ठांच्या रक्तातील आम्ल-अल्क समतोल आणि त्यांचा आहार

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरी एक जाडजूड फाइल असतेच. उल्हासनगरच्या कॅम्पात जुन्या बराकीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या कामगाराच्या घरी किंवा बदलापूरच्या नव्या संकुलात सहाव्या मजल्यावर, कपाट वेगळे असेल पण फाइल तीच. दर महिन्याला तीत एक नवा रिपोर्ट जातो. घरच्यांची नजर प्रथम क्रिएटिनीनवर जाते, मग हिमोग्लोबिनवर, मग पोटॅशियमवर. ‘बायकार्बोनेट’ किंवा ‘टोटल सीओटू’ नावाची एक ओळ बहुधा वाचायची राहून जाते. काही ठिकाणी ही तपासणी नेहमीच्या यादीत नसतेच. ती मागून करून घ्यावी लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय ती ओळ आणि तिचे जेवणाच्या ताटाशी असलेले विचित्र नाते हा आहे. विचित्र अशासाठी की, हा आकडा थोडा कमी दिसला म्हणून रुग्णाचे वाईटच चालले आहे असे होत नाही, आणि तो अगदी नीटस दिसला म्हणून रुग्ण ठणठणीत आहे असेही होत नाही. कित्येकदा आकडा सुधारतो, तो माणूस जेवेनासा झाल्यामुळे.

आम्ल येते कोठून

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छातीत जळजळणे, घशाशी आंबट येणे याला आपण ‘ॲसिडिटी’ म्हणतो. ती जठरातली गोष्ट. रक्तातील आम्ल ही निराळी बाब आहे. पण शब्द एकच असल्यामुळे डॉक्टरांनी ‘रक्तात ॲसिड वाढले आहे’ असे सांगितले, की घरी आल्याबरोबर लिंबू बंद होते, ताक बंद होते, आमटीतील आमसूल बंद होते. बिचाऱ्या रुग्णाच्या जिभेला आधीच धातूसारखी चव येत असते. त्यात आंबटाचा आधारही जातो. वास्तविक लिंबातील सायट्रिक आम्ल शरीरात जळून जाते आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडतो. रक्तातील आम्लाचा बोजा चवीवरून ठरत नाही.

तो ठरतो मुख्यतः प्रथिनांवरून. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी मिथिओनिन आणि सिस्टीन या दोहोंत गंधक असतो. शरीर त्यांचा वापर करते तेव्हा त्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. अंडे, मासळी, मटण, दूध, गहू, डाळ या सर्वांतून थोड्याफार प्रमाणात हे घडतेच. प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १ मिलीइक्विव्हॅलंट एवढे आम्ल साचते. शाकाहारी माणसात ते काहीसे कमी असते, कारण भाज्या-फळांतून अल्कधर्मी द्रव्येही पोटात जातात. निरोगी मूत्रपिंडे हे आम्ल लघवीतून अमोनियमच्या रूपाने टाकून देतात आणि खर्ची पडलेले बायकार्बोनेट नव्याने घडवतात. म्हणून तर रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात आयुष्यभर राहतो आणि बायकार्बोनेट साधारण २२ ते २६ च्या आसपास.

मूत्रपिंडे थांबली की हा हिशेब बिघडतो. समजा, वजन ६० किलो आहे. दिवसाला ५०-६० मिलीइक्विव्हॅलंट आम्ल साचले, तर दोन दिवसांत बायकार्बोनेट ढोबळमानाने ३ ते ४ अंकांनी उतरते. म्हणजे डायलिसिसनंतर २६ असलेला आकडा पुढच्या पाळीपर्यंत २२-२३ वर येतो. मधे रविवार आला आणि अंतर तीन दिवसांचे झाले, तर त्याहूनही खाली. त्यात त्या काळात प्यालेले पाणी अंगातच राहिलेले असते. त्या पाण्याने उरलेले बायकार्बोनेट आणखी पातळ होते. म्हणून ज्याचे वजन दोन पाळ्यांमध्ये तीन-चार किलोंनी वाढते, त्याचा आकडा त्याने काहीही खाल्ले असले तरी पडलेलाच दिसणार.

साचलेले आम्ल शरीर तसेच राहू देत नाही. ते शमवण्यासाठी हाडांतील क्षार वापरले जातात; हाडे झिजतात. स्नायूंचे नुकसान तर अधिक वेगाने होते. अमेरिकेतील विल्यम मिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९० च्या दशकांत दाखवून दिले की, रक्तातील आम्ल वाढले म्हणजे स्नायूंच्या पेशींत प्रथिने मोडून काढणारी यंत्रणा चालू होते. म्हणजे माणूस जेवत असला तरी एकीकडून अंगावर मांस चढत नाही आणि दुसरीकडून असलेले विरघळत जाते.

घरच्या माणसाला हे दिसते कसे? आजोबांना खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. आजींच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. कवळी सैल होते. वजनकाटा मात्र काहीच सांगत नाही, आणि ही मोठी फसवणूक आहे. डायलिसिस केंद्रात ‘ड्राय वेट’ म्हणून एक आकडा ठरवलेला असतो. जास्तीचे पाणी काढून माणसाला त्या वजनावर आणतात. तीन महिन्यांत दोन किलो मांस गेले आणि त्या जागी दोन किलो पाणी साठले, तरी काटा पूर्वीचेच वजन दाखवतो. पाय सुजतात, रात्री उताणे झोपले की धाप लागते, आणि वजन ‘बरोबर’ असते. म्हणून कपडे, पट्ट्याची भोके, दंडाचा घेर यांच्याकडे लक्ष ठेवणारा घरचा माणूस काट्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. त्याने हे तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना आपणहून सांगावे. कोणी विचारेल याची वाट पाहू नये.

यंत्र काय देते

डायलिसिस म्हणजे रक्त ‘धुणे’ अशी आपली समजूत असते. ती निम्मी खरी. यंत्र युरिया, पोटॅशियम आणि पाणी काढून घेते, पण आम्लाच्या बाबतीत त्याचे मुख्य काम काढण्याचे नसून देण्याचे आहे. चार तासांच्या एका पाळीत मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने सुमारे १२० लिटर द्रावण कृत्रिम मूत्रपिंडाच्या नळकांड्यातून वाहते. या द्रावणात बायकार्बोनेट रक्तापेक्षा अधिक ठेवलेले असते, म्हणून ते पडद्यातून रक्तात शिरते. यंत्राशेजारी दोन कॅन असतात, एक ‘ए’चा आणि एक ‘बी’चा. बी मध्ये आपला ओळखीचा सोडाच असतो. दोन्ही कॅन वेगळे ठेवण्याचे कारण रुग्ण अनेकदा विचारतात: दाट स्वरूपात ते एकत्र केले तर ए मधील कॅल्शियम आणि बी मधील बायकार्बोनेट यांचा चुनखडीसारखा साका बसेल. यंत्र शुद्ध पाण्यात दोहोंना ठरावीक प्रमाणात मिसळून ही अडचण टाळते.

हे नेहमी असेच नव्हते. १९६४ साली अमेरिकेत सिएटल येथे बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेट वापरण्याची सोपी युक्ती निघाली आणि पुढे कित्येक वर्षे जगभर तीच चालली. ॲसिटेटचे बायकार्बोनेट यकृतात व स्नायूंत होते खरे, पण पुष्कळांना यंत्रावर असताना मळमळ होई आणि रक्तदाब कोसळे. ज्येष्ठ वाचकांना १९७५ सालचा शेवट आठवत असेल. आणीबाणीतील स्थानबद्धतेत मूत्रपिंडे निकामी झाल्यावर जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले होते आणि पुढे १९७९ मधील निधनापर्यंत ते डायलिसिसवरच होते. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमवली होती. त्या जमान्यात हा उपचार म्हणजे वर्तमानपत्रात बातमी होण्याजोगी गोष्ट होती. ऐंशीच्या दशकात बायकार्बोनेटची द्रावणे परत आली आणि आज लोकलच्या तीन स्थानकांच्या परिसरातील माणूस जवळपासच्या केंद्रात पाळी करून संध्याकाळच्या चहाला घरी येतो.

पाळी किती वेळा, हा प्रश्न मात्र आहारापेक्षाही मोठा आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हे सर्वमान्य प्रमाण. आपल्याकडे पैशापायी, प्रवासापायी किंवा सोबत यायला कोणी नाही म्हणून पुष्कळजण दोनदाच करतात. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, त्यांच्यापैकी काहींना डॉक्टर तशी परवानगी देतातही. पण लघवी जवळजवळ बंद असताना दोनच पाळ्या केल्या, तर आम्लाची थकबाकी वाढतच जाते आणि ती आहाराने फिटत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत (२०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती) डायलिसिसचा समावेश आहे, आणि २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. केवळ खर्चामुळे तिसरी पाळी गाळत असाल, तर यादीतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला एकदा भेटाच.

पोटातील डायलिसिस करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. पिशवीतील द्रावणात बहुधा लॅक्टेट असते, ते रोज रोज मिळते, म्हणून त्यांचा आकडा बराच स्थिर राहतो. त्यांचे दुखणे दुसरे: दिवसाला ५ ते १५ ग्रॅम प्रथिने त्या पाण्यातून वाहून जातात. १९९७ साली ब्रिटनमध्ये लेस्टर येथे अशा २०० रुग्णांवर वर्षभर एक चाचणी झाली. निम्म्यांना अधिक अल्क असलेले द्रावण दिले, निम्म्यांना कमी. अधिक अल्क मिळालेल्यांचे वजन आणि दंडाचा घेर जास्त वाढला. आम्ल शमले की अन्न अंगी लागते, याचा हा चांगला पुरावा मानला जातो.

आकडा वाचायचा कसा

पाळी सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या रक्तात बायकार्बोनेट निदान २२ असावे, असे मार्गदर्शक तत्त्वे पूर्वीपासून सांगत. २०२० सालच्या अमेरिकी आहारविषयक मार्गदर्शनात ते २४ ते २६ दरम्यान ठेवावे असे म्हटले आहे. पण आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. रक्त पाळीआधी घेतले की नंतर? आधीच्या पाळीला दोन दिवस झाले होते की तीन? आणि नमुना किती वेळाने तपासला गेला? नळी अर्धवट भरली, उघडी राहिली किंवा दूरच्या प्रयोगशाळेत पोचायला फार वेळ लागला, तर त्यातील वायू उडून जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. एका रिपोर्टवरून घाबरू नये. लागोपाठ दोन-तीन महिन्यांचे एकाशेजारी एक ठेवून पाहावेत.

आता मूळ मुद्दा. २००४ साली अनेक देशांतील सात हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचे बायकार्बोनेट फार कमी, म्हणजे १७ किंवा त्याखाली होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते, हे अपेक्षितच. पण ज्यांचे २७ च्या वर होते, त्यांच्यातही ते अधिक निघाले. हे कसे? दोन वर्षांनी अमेरिकेतील ५६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासाने याचा उलगडा केला. कुपोषण आणि शरीरातील दाह यांचा हिशेब धरल्यावर चित्र पालटले: वरच्या आकड्यांतील धोका विरला आणि २२ च्या खालचा धोका स्पष्ट झाला. ज्यांचे आकडे उंच होते, त्यांच्यातील अनेकजण नीट जेवतच नव्हते. प्रथिने पोटात नाहीत, तर आम्ल कोठून साचणार?

म्हणून माझ्या मते बायकार्बोनेट हा आकडा एकट्याने कधीच वाचू नये. त्याच्या शेजारी अल्ब्युमिन वाचावे, पाळीआधीचा युरिया वाचावा आणि गेल्या महिन्यातील भूक आठवावी. बायकार्बोनेट २१, अल्ब्युमिन ४ च्या आसपास, माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवतो आहे, तर दुरुस्ती यंत्राची किंवा गोळीची करायची. ताटाला हात लावायचा नाही. उलट बायकार्बोनेट २७, युरिया पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, अल्ब्युमिन ३ च्या जवळ उतरलेले आणि घरात ‘रिपोर्ट किती छान आला’ म्हणून आनंद, तर हा माणूस उपाशी आहे. युरिया घटला म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांना हे सांगणे जड जाते, पण सांगायला हवे.

फ्रिजवर चिकटवलेला जुना तक्ता

ही उपासमार बहुधा प्रेमापोटी होते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीची दोन-चार वर्षे रुग्णाला प्रथिने कमी करायला सांगितलेले असते: दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम. डाळ पातळ, उसळ बंद, अंडे बंद. तो तक्ता सुनेने किंवा मुलीने फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि वर्षानुवर्षे निष्ठेने पाळलेला असतो. मग एके दिवशी डायलिसिस सुरू होते आणि तो तक्ता तेथेच राहतो. खरे तर त्या दिवसापासून नियम उलटा होतो. डायलिसिसवरील माणसाला दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, कारण दर पाळीत ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले यंत्रातून निघून जातात.

५० किलो वजनाच्या आजींना म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. त्यांचे रोजचे जेवण मोजून पाहू. सकाळी बशीभर पोहे, ३ ग्रॅम. दुपारी दोन लहान पोळ्या ६-७, वाटीभर पातळ आमटी ४, मूदभर भात २-३, भाजी १-२. रात्री वरणभात, ७-८. दिवसभराच्या चहातील दूध, ३. बेरीज कशीबशी तीसपर्यंत जाते. निम्म्या प्रथिनांवर ही स्त्री आठवड्यातून तीनदा यंत्राला सामोरी जाते.

भर कशाची घालावी? अंडे चालत असेल तर पांढरा बलक हा सर्वांत सोयीचा: एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि फॉस्फरस नगण्य. दोन पांढऱ्या बलकांची भुर्जी कवळी नसतानाही खाता येते. मासे खाणाऱ्यांना ताज्या मासळीचे १०० ग्रॅम म्हणजे १८-२० ग्रॅम. सुके बोंबील आणि सुकट मात्र मिठामुळे नको. शाकाहारी घरात ५० ग्रॅम घरचे पनीर ९ ग्रॅम देते. सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम घेतल्या तर १० ग्रॅम, पण उकळून, पिळून, ते पाणी टाकून. आमटी पातळ न करता घट्ट करावी. वाटी तीच, पाणी कमी, डाळ जास्त. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची असते, नंतर आठवेल तेव्हा नव्हे. आणि उष्मांक पुरेसे हवेत; तेल-तूप, भात, पोळी यांनी पोट भरले नाही तर शरीर खाल्लेली प्रथिने चुलीत जाळते.

एवढी प्रथिने खाल्ली तर आम्ल वाढणार नाही का? वाढेल. त्याची सोय यंत्राने करायची आहे. आम्ल कमी करण्यासाठी अन्न कमी करणे म्हणजे विजेचे बिल कमी यावे म्हणून म्हाताऱ्या माणसाला अंधारात बसवणे.

उल्हासनगरचा विचार वेगळा करायला हवा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी हे शहर वसवले. १९४९ साली राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. येथील घरी पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. डायलिसिसच्या माणसासाठी ही जोडगोळी कठीण: पापडातील मीठ आणि पापडखार तहान लावतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे प्यालेले पाणी बायकार्बोनेट पातळ करते. सिंधी कढीत बेसन असते ही जमेची बाजू. पण चिंच, बटाटा, शेवग्याच्या शेंगा यांचे पोटॅशियम तिच्यात उतरते. भाज्या आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे, चिंच नावापुरती ठेवावी. साई भाजीत पालक आणि टोमॅटो कमी करून हरभऱ्याची डाळ थोडी वाढवली, तर चव बदलते, पण ओळख पुसत नाही. पथ्य सांगताना त्या घरचा पदार्थच काढून घेतला की म्हातारी माणसे जेवणच सोडतात, असा सर्वत्र अनुभव आहे.

उपासाचेही तसेच. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. सोबत दाणे, बटाटा, केळे, खजूर, म्हणजे पोटॅशियमची रास. आणि पोट फार वेळ रिकामे राहिले तर डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम न खाताही वाढते, शिवाय स्नायू मोडतात ते वेगळेच. देवाचे करायचे असेल तर दूध-पनीर घेऊन, वरईच्या भाताबरोबर, थोड्या थोड्या वेळाने खाऊन करावे.

सोडा, नारळपाणी आणि इतर सल्ले

‘शरीर अल्कधर्मी करा’ असे सांगणारे संदेश प्रत्येक मोबाइलवर येतात. त्यांच्यात अर्धे सत्य असते, म्हणून ते अधिक घातक. मूत्रपिंडे अंशतः काम करत असताना फळे-भाज्यांनी आम्लाचा बोजा हलका होतो, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. पण ते रुग्ण पोटॅशियम आटोक्यात असलेले, निवडलेले आणि डायलिसिसपूर्वीचे होते. डायलिसिसवरील माणसाने त्यावरून नारळपाणी, भाज्यांचा रस, केळी सुरू केली, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बदलापूरची जांभळे मात्र मोसमात मूठभर खायला हरकत नसते. इतर फळांच्या मानाने त्यांत पोटॅशियम कमी. करमळ किंवा कमरख, आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे आंबट फळ, हे मात्र एक फोडही नको. त्यातील विष निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डायलिसिसच्या रुग्णांत त्याने न थांबणारी उचकी, भ्रम, आकडी आणि मृत्यूही घडलेले आहेत.

‘अल्कधर्मी पाणी’ विकत घेण्यात पैशाचाच ऱ्हास आहे. त्यात अल्क नावापुरते असते आणि ते पाणी दिवसाच्या मोजलेल्या पाण्यातच धरावे लागते. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत पोटॅशियम क्लोराइड असते. ती घरातच ठेवू नयेत.

खाण्याचा सोडा हा खरा उपाय आहे, पण चमच्याने नव्हे. डॉक्टर ५०० मिलिग्रॅमची गोळी देतात, तीत सुमारे ६ मिलीइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट असते. स्वयंपाकघरातील चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण ५ ग्रॅम, म्हणजे दहा गोळ्या एकदम; आणि त्याबरोबर सव्वा ग्रॅमहून अधिक सोडियम, दिवसभराच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. तहान, सूज, धाप. जळजळीसाठी घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पावडरीही सोडियमच्याच. ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियम असलेली पातळ औषधे या रुग्णांच्या अंगात साचतात. विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

एक बारीक गोष्ट औषधाच्या खोक्यावर वाचण्याजोगी आहे. फॉस्फरस बांधणारे सेव्हेलॅमर दोन रूपांत येते: हायड्रोक्लोराइड आणि कार्बोनेट. पहिल्याने बायकार्बोनेट उतरते, दुसऱ्याने तसे होत नाही. आकडा सतत खाली असेल आणि खोक्यावर हायड्रोक्लोराइड लिहिलेले असेल, तर डॉक्टरांना तेवढे दाखवावे. द्रावणातील बायकार्बोनेट वाढवायचे की गोळी द्यायची, हा निर्णयही त्यांचाच. पाळीनंतर अल्क फार वाढले तर पायांत गोळे येतात, रक्तदाब घसरतो, ठोके चुकतात.

पाऊस आणि चुकलेली पाळी

या पट्ट्यात आणखी एक हिशेब धरावा लागतो तो उल्हास नदीचा. २६ जुलै २००५ विसरणे शक्य नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हाही कल्याणपुढची गाडी बंदच होती. अशा दिवशी पाळी चुकली तर आम्ल, पोटॅशियम आणि पाणी तिन्ही एकदम चढतात, आणि आम्ल वाढले की पेशींतील पोटॅशियम रक्तात उतरते.

म्हणून हवामान खात्याचा इशारा आला की शक्य असल्यास पाळी एक दिवस आधी करून घ्यावी. तेही न जमल्यास, पुढची पाळी मिळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवसांपुरतेच, वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवून प्रथिने निम्म्यावर आणावीत. साधा भात, पोळी, साखर, तूप, थोडे पनीर किंवा एखादे अंडे. फळ नाही, आमटीचे पाणी नाही, मीठ जवळजवळ नाही. पाणी, चहा, ताक सर्व धरून दिवसाला अर्धा लिटर. पाळी मिळाली की त्या संध्याकाळपासून नेहमीचे भरपूर जेवण.

दुसऱ्या केंद्रात जावे लागले, तर ते एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांचे अलीकडचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय सहसा यंत्रावर घेत नाहीत. त्यांच्या प्रती, ड्राय वेट आणि औषधांची यादी जूनपासूनच प्लास्टिकच्या पिशवीत तयार असावी. श्वास खोल आणि भरभर चालू लागला, पाय एकाएकी लुळे वाटले, नाडी अडखळली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पाणी ओसरण्याची वाट पाहू नये. १०८ वर फोन करताना ‘डायलिसिसचा रुग्ण आहे, पाळी चुकली आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि शेवटची पाळी कोणत्या दिवशी झाली, तेही.